पोशीरचं पातं

१

पोशीरच्या गिरणीतून परत आलेलं पातं रुपेशने प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलं. पात्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. दीड वीत लांबीची पोलादी पट्टी. एका टोकाला तिची कड जेमतेम शाबूत होती आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता झिजून जुन्या विळ्यासारखी झाली होती.

भातगिरणीत हलर नावाचं यंत्र असतं. त्यात एक लोखंडी रूळ फिरतो आणि रुळाला लागून असं एक पातं घट्ट बसवलेलं असतं. दोघांच्या फटीतून भात रगडून निघालं की तूस सुटतं आणि तांदूळ मोकळा होतो. पण भाताच्या तुसात वाळूचाच अंश असतो. तो पोलादाला कानशीसारखा खातो, त्यामुळे एका हंगामात दोन-तीन पाती तरी बदलावी लागतात. हे पातं मात्र संपूर्ण हंगाम टिकायला हवं होतं. दर्शना ओव्हाळ हिने त्यावर स्वतःच्या हाताने थर चढवला होता.

खालापूरच्या औद्योगिक पट्ट्यात अनुपम प्रधानचा छोटा कारखाना होता. हत्यारांवर आणि साच्यांवर केसाहून पातळ, कडक थर चढवून द्यायचा हा त्याचा धंदा. दर्शना त्याच्याकडे संशोधनाचं काम बघायची. पाच धातू सारख्या प्रमाणात घेऊन, नायट्रोजनच्या संगतीत त्यांचा सिरॅमिक थर बसवायचा, याच्यामागे ती दोन वर्षं लागली होती. प्रयोगशाळेतल्या छोट्या चकत्यांवर तो थर पोलादाच्या चौपट कडक भरला होता. म्हणून दिवाळीच्या आधी तिने एका पात्यावर तो चढवला आणि ते पोशीरच्या गिरणीत नेऊन दिलं. सोमवारी पुण्याहून शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची माणसं तेच पातं बघायला येणार होती.

रुपेश ठोंबरे चाचणी विभाग सांभाळायचा. त्याने कडेवर यंत्राची सुई टेकवून कडकपणा मोजला. साध्या पोलादाचा आकडा आला. मग त्याने कोणते धातू आहेत ते सांगणारं बंदुकीसारखं यंत्र कडेवर धरलं. यंत्राने लोखंड दाखवलं आणि त्याखेरीज काहीच नाही.

"सगळा थर गेला," रुपेश म्हणाला.

दर्शनाने पातं उचलून उजेडात धरलं. तिला काही म्हणायचं होतं, पण त्याआधी अनुपम बोलला. चकत्यांवरचे आकडे एवढे चांगले आणि गिरणीत ही दशा, म्हणजे ते आकडेच बरोबर नसणार, असं तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. गिरणीही दर्शनानेच निवडली होती, तिच्या गावाच्या वाटेवरची, हेही त्याने बोलून दाखवलं.

"सोमवारी तू येऊ नकोस," तो म्हणाला. "पाहुणे येऊन गेले की बघू."

दर्शनाने डबा पिशवीत टाकला आणि स्कूटीवरून कळंबला घरी गेली. तो गुरुवार होता.

२

अनुपमला रात्रभर बरं वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी तो कर्जतला दहिवलीत गेला. तिथे त्याची मावशी, शैला गुप्ते, एकटी राहत असे. शैलाबाईंनी सारा जन्म विमा कंपनीसाठी तपासणीचं काम केलं होतं. जळालेली गोदामं, फुटलेले बॉयलर, समुद्रात बुडालेला म्हणून सांगितलेला आणि नंतर भिवंडीत सापडलेला माल, अशा गोष्टींमागची खरी हकिकत शोधण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. निवृत्त झाल्यापासून त्या बागेत जास्वंदीची कलमं करत. लोक त्यांच्याकडे सल्ल्याला येत आणि त्या सल्ल्याऐवजी प्रश्न देत.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की दर्शना काय म्हणाली. अनुपम घुटमळला. आपण तिला विचारलंच नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

तासाभरात मावशी-भाचे खालापूरला पोचले. शैलाबाईंनी पातं हातात घेतलं. कडेकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. पात्याच्या मागच्या अंगाला दोन भोकं होती. त्यांतून बोल्ट घालून आणि वर चकती ठेवून पातं यंत्रात आवळतात. चकतीखाली झाकलेली जागा गोल आणि स्वच्छ दिसत होती. तिथे ना ओरखडा होता, ना कोंड्याचा डाग.

हा थर पात्याच्या फक्त कडेवर होता की सगळीकडे, असं त्यांनी रुपेशला विचारलं. सगळीकडे, रुपेश म्हणाला. पातं भोकातून तार घालून भट्टीत टांगलेलं असतं, थर चारी अंगांनी बसतो. तारेच्या खुणेएवढी जागा काय ती सुटते.

"मग तुझं ते यंत्र इथे लाव," शैलाबाई म्हणाल्या आणि चकतीखालच्या गोलावर त्यांनी बोट ठेवलं.

रुपेशने यंत्र लावलं. लोखंड. दुसऱ्या भोकापाशी लावलं. तिथेही लोखंडच. त्याचा चेहरा बदलत गेला.

"झिजतं ते जिथे घासलं जातं तिथे," शैलाबाई म्हणाल्या. "इथे भाताचा दाणा कधी पोचलाच नाही. मग इथला थर कुणी खाल्ला?"

अनुपमने घाईने निष्कर्ष काढला. म्हणजे दर्शनाने थर न चढवताच पातं गिरणीत दिलं. त्यावर रुपेशने नकारार्थी मान हलवली. दर्शनाचं आणि त्याचं फारसं जमत नसे. कारखान्याच्या जुन्या, सोनेरी रंगाच्या थराचं कामही त्याच्याकडेच होतं आणि पुणेकरांनी तोच घ्यावा असं त्याला वाटत होतं. तरीही जे होतं ते त्याने सांगितलं. दिवाळीआधी भट्टीतून ते पातं त्याने स्वतः बाहेर काढलं होतं. पाची धातू त्याने स्वतः मोजले होते.

"ते पातं काशाच्या वाटीसारखं तांबूस-करडं दिसत होतं," तो म्हणाला. "हे ते नाही."

३

पात्यावर नंबर का कोरला नाही, हा अनुपमचा पहिला प्रश्न होता. रुपेशने सांगितलं, की ठोकून नंबर कोरला तर थराला तिथूनच तडा जातो. म्हणून दर्शनाने तारेने पत्र्याचा बिल्ला बांधला होता आणि तो परत आलेल्या पात्यालाही होता. बिल्ला कुणीही सोडून कुठेही बांधू शकतो, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

पातं तीन हातांतून गेलं होतं. पोशीरला ते चंद्रभागा शेळके यांच्या गिरणीत होतं. दर्शना त्या दिवशी मुंबईला गेलेली, म्हणून ते आणायला कारखान्याचा टेंपोवाला नरेश गेला. आणि इथे आल्यावर ते तीन-चार दिवस रुपेशच्या कपाटात पडून होतं.

शैलाबाईंनी आधी नरेशला बोलावलं. तो मोकळा गडी होता. पातं चंद्रभागाबाईंनी गोणपाटात गुंडाळून, वर सुतळीने शिवून दिलं होतं, असं त्याने सांगितलं. वाटेत नेरळला चहा घेतला. टेंपोत भंगार होतं, ते कर्जतला उतरवलं. भंगारात पाती होती का, असं शैलाबाईंनी विचारलं. नरेशने विचार केला. गिरणीचं पातं नव्हतं, पण असतं तरी आपल्याला ओळखू आलं नसतं, असं म्हणून तो हसला.

मग रुपेश. शिवण आपणच कापली, सुतळी जुनी आणि मळकी होती, टाके जसेच्या तसे होते, असं तो म्हणाला. तीन-चार दिवस पातं न मोजता का ठेवलं, या प्रश्नाला मात्र त्याने उत्तर टाळलं. शैलाबाई थांबून राहिल्या. त्यांना थांबता येत असे.

शेवटी त्याने सांगितलं. गोणपाट उघडल्या दिवशीच त्याने पात्याची दशा पाहिली होती आणि अनुपमला काही न सांगता पुण्याला फोन केला होता. नवा थर टिकला नाही, आमचा जुना विचारात घ्या, असं तो त्यांना म्हणाला होता. मग अनुपमला कसं सांगायचं ते ठरवण्यात दिवस गेले.

अनुपम भडकला. पातं यानेच बदललं, हे त्याच्या मनाने घेतलं. शैलाबाईंनी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"त्याने चुगली केली, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण पातं बदलणाऱ्याने आत्ता मला ते निराळं असल्याचं कशाला सांगितलं असतं? तू तर दर्शनाला दोषी धरून मोकळा झाला होतास. त्याने फक्त गप्प बसायचं होतं."

मग त्यांनी दर्शनाचा नंबर मागून घेतला आणि तिला फोन केला. आपली ओळख सांगितली, पातं बदललेलं आहे हेही सांगितलं.

"उद्या मला पोशीरला नेशील का?" शैलाबाईंनी विचारलं.

४

शनिवारी सकाळी दर्शना नेरळ स्टेशनवर स्कूटी घेऊन उभी होती. सडपातळ, तिशीच्या आतली, बोलायला तोलूनमापून. शैलाबाई मागे बसल्या. वाटेत त्यांनी तिला तिच्या कामाबद्दल विचारलं आणि त्यावर मात्र ती भरभरून बोलली.

पाच धातूंचे अणू लहान-मोठे असतात, ती म्हणाली. गोणीत एकाच मापाचे दाणे भरले तर ते घरंगळतात. निरनिराळ्या मापाचे खच्चून भरले की हलत नाहीत. थर कडक होतो तो तसा. पण नुसता कडक असून भागत नाही. पहिल्या वर्षीचे तिचे थर कडक होते आणि पापडासारखे तडकून सुटायचे, कारण खालचं पोलाद जरा दबलं की वरचा थर त्याच्यासोबत दबायला तयार नसे. मग तिने खाली मऊ धातूची पातळ बैठक घातली, नायट्रोजन कमी-जास्त करून पाहिला, थर बसताना कणांचा मारा किती जोरात हवा ते शोधलं.

"कडक असणं आणि न झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायलाच माझं एक वर्ष गेलं," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "माझं खोटं असेल हे मात्र सगळ्यांना एका मिनिटात पटलं."

शैलाबाईंनी त्यावर काही सांत्वन केलं नाही. गिरणी कशी निवडली, एवढं विचारलं. दर्शनाच्या घरचं भात लहानपणापासून याच गिरणीत येत होतं. चंद्रभागाकाकी तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखत. पंचक्रोशीत स्वतःचं पातं देण्याइतका विश्वास तिचा दुसऱ्या कुणावर नव्हता.

गिरणी रस्त्याला लागूनच होती. हंगाम सरला होता, तरी घरापुरतं भात भरडायला माणसं येत होती. हलर चालू होता. तुसाची पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. चंद्रभागाबाई पदर खोचून यंत्रापाशी उभ्या होत्या. दर्शनाला बघून त्या हसल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही. त्यांचे यजमान काळूराम बाजेवर बसले होते, उजवा हात उपरण्याच्या घडीत ठेवून. त्यांनी डाव्या हाताने नमस्कार केल्यासारखं केलं.

चहा आला. शैलाबाईंनी पात्याचा विषय काढला नाही. पीकपाणी विचारलं. यंत्र किती जुनं, पाती कुठून आणता, असं बोलता बोलता विचारलं. पाती नेरळहून आणतो, चंद्रभागाबाई म्हणाल्या. आता आत आहे तेही नेरळचंच, नवं.

दाराशी एक म्हातारी सुपात आपला तांदूळ पाखडत होती. जयवंता तिचं नाव. ती आपली तक्रार सांगत होती, आणि ती शैलाबाईंनी कान देऊन ऐकली. यंदा गिरणीतून कणीच निघत नाय. सगळा तांदूळ आख्खा. कोंबड्यांना घालायला कणी पुरत नाय.

मग शैलाबाई हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या. मोरीच्या कडेला चार-पाच जुनी पाती मातीत उभी रोवून आळं केलं होतं. त्यांत अळू लावला होता. त्यांनी वाकून एक-एक पातं पाहिलं. सगळी एकाच टोकाला झिजली होती, दुसरं टोक जेमतेम शाबूत. कारखान्यातल्या टेबलावर पडलेल्या पात्यासारखीच. आळ्याच्या एका बाजूला मातीत एक रिकामी चीर होती. तिथलं पातं कुणीतरी उपसून नेलं होतं आणि चिरेत आता गवताचे कोंब फुटले होते.

त्या परत आल्या, चहाबद्दल आभार मानले आणि दर्शनाला म्हणाल्या, चल.

५

नेरळच्या बाजारात पाती, पट्टे आणि बेअरिंगं विकणारं दुकान होतं. दुकानदाराला पोशीरच्या गिरणीचं नाव सांगितल्यावर त्याने चौकशीच्या सुरात विचारलं, की शेळकेकाकींचं बरं आहे ना. का, असं शैलाबाईंनी विचारलं.

"गेल्या दिवाळीपासून एक पातं नेलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "मला वाटलं, गिरणी बंद पडली."

दर्शना दुकानाच्या पायरीवर बसली. तिला उत्तर दिसलं होतं, पण ते तिला नको होतं.

समोरच्या रसवंतीत शैलाबाईंनी तिला बसवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. परत आलेलं पातं त्याच गिरणीत झिजलेलं आहे, कारण त्या यंत्रात भात एका अंगाने पडतं आणि तिथली सगळी पाती एकाच टोकाला झिजतात. म्हणजे ते नरेशच्या भंगारातलं नाही. रुपेश पोशीरला कधी गेलेला नाही, तिथलं जुनं पातं त्याच्याकडे येणार कुठून? ते आलं अळूच्या आळ्यातून. राहता राहिला एकच प्रश्न. गिरणी चालू आहे. नवं पातं विकत घेतलेलं नाही. जुनी पाती मातीत आहेत आणि त्यातलं एक खालापूरला आहे. मग हलरच्या आत काय आहे? शिवाय पातं झिजलं की ते आणखी आवळावं लागतं आणि दाणा तुटून कणी पडते. जयवंताबाईंच्या कोंबड्या यंदा उपाशी आहेत.

दर्शनाने रसाचा ग्लास तसाच ठेवला.

"काकी असं करतील हे मला पटत नाही," ती म्हणाली.

"मलाही कारण माहीत नाही," शैलाबाई म्हणाल्या. "पैशांसाठी असेल असं वाटत नाही. ते उद्या विचारू. मात्र विचारायचं, सांगायचं नाही."

६

रविवारी दुपारी अनुपमची गाडी गिरणीपाशी थांबली. कळंबहून स्कूटीने आलेली दर्शना तिथे थांबली होती. शैलाबाई आणि अनुपम उतरले. मागून रुपेश आपलं यंत्र घेऊन उतरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो स्वतःहून आला होता. गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. चौघांना बघून चंद्रभागाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

शैलाबाईंनी हळू आवाजात विचारलं, की दर्शनाचं पातं अजून हलरमध्येच आहे का.

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काळूरामांनी उपरण्यातून उजवा हात काढून मांडीवर ठेवला. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती.

"हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आतच हाय."

मग त्या खाली बसल्या आणि कुणी न विचारता सांगू लागल्या.

"दोन वरसं झाली. ह्ये पातं बदलीत होते आन् कुणीतरी न बघता बटण दाबलं. बोटं गेली. तवापासून पातं मीच बदलते. पर ती येळ आली की आदल्या दिवशीपासून मला जेवण जात नाय. पाना हातात घेतला की हात कापतो. ह्ये तिकडं तोंड करून बसतात." त्यांनी दर्शनाकडे पाहिलं नाही, बोलणं मात्र तिच्याशीच होतं. "तुजं पातं बसवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा आला, तरी त्याला काय झालं नाय. त्यानंतर मी एकदा पन पाना हातात नाय घेतला. मंग तो टेंपोवाला न्यायला आला. माजं मन नाय धजलं गं. आळ्यातलं एक उपसलं, धुतलं, तुजा बिल्ला बांधला आन् दिलं. मनात आलं, कंपनीला काय, लोखांड ते लोखांड."

"त्यांनी माझं काम खोटं ठरवलं, काकी," दर्शना म्हणाली. "मला घरी बसवलं."

चंद्रभागाबाईंनी मान वर केली. हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्या उठल्या आणि दर्शनाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या खांद्यावरची तुसाची धूळ झटकली.

"तुज्या पोटावर पाय येल हे नाय आलं गं माज्या ध्यानात," त्या म्हणाल्या.

दर्शनाला राग होता. लहानपणापासून ती या गिरणीचा तांदूळ खात होती आणि इथूनच तिला हा घाव बसला होता. पण समोरच्या बाईचे हात तिला दिसत होते.

"फोन केला असतात तर मी पातं मागितलंच नसतं," ती एवढंच म्हणाली.

काळूराम उठले. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, फ्यूज काढून खिशात टाकला, पट्टा उतरवला आणि तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. चंद्रभागाबाईंनी पाना घेतला. बोल्ट घट्ट बसले होते. रुपेशने पुढे होऊन जोर लावला, तेव्हा ते सुटले.

पातं बाहेर आलं. कोंडा फडक्याने पुसल्यावर तांबूस-करडी झाक दिसू लागली. कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. ज्या अंगाला भात पडतं तिथे ती जरा जास्त गुळगुळीत झाली होती, इतकंच. रुपेशने यंत्र कडेवर धरलं आणि पडद्यावरची नावं एकेक करून मोठ्याने वाचली. टायटॅनियम. झिर्कोनियम. नायोबियम. टँटलम. क्रोमियम. वाचून झाल्यावर त्याने यंत्र खाली केलं आणि पुण्याला आपण स्वतः फोन करतो, असं दर्शनाला म्हणाला. तिने मान डोलावली.

ती पात्याच्या एका कोपऱ्याकडे बघत होती. तिथे नखाएवढा टवका उडाला होता आणि खालचं पोलाद उघडं पडलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं, मग पातं आडवं धरून डोळ्याजवळ नेलं.

पाहुण्यांना दाखवायला पातं आजच न्यावं, असं अनुपम म्हणाला. तेव्हा काळूराम त्या दिवसात पहिल्यांदा बोलले.

"न्या की," ते म्हणाले. "पर दुसरं असंच आणून दिल्याबिगर नाय."

दर्शनाला ते पटलं. दुसऱ्या पात्यावर थर चढवून ते इथे बसवायचं, मगच हे काढून न्यायचं. तोवर हे परत बसवून इथेच चालू दे, असं ती म्हणाली. उद्या पाहुण्यांनाच पोशीरला आणायचं. टेबलावर ठेवलेल्या पट्टीपेक्षा चालत्या हलरमधलं पातं त्यांना जास्त कळेल. अनुपम तयार झाला. चंद्रभागाबाईंनी उद्यासाठी किती माणसांचा भात टाकायचा ते विचारून घेतलं.

७

गाडीपाशी अनुपमने दर्शनाला थांबवलं. तो घरात शिकलेली सगळी सभ्यता गोळा करून बोलत होता, पण शब्द अडखळत होते. चूक झाली, त्याने म्हटलं. सगळ्यांसमोर पुन्हा म्हणेन, असंही म्हटलं. शैलाबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि खिडकीतून मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"सर, माफीचं राहू द्या," दर्शना म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलंच नाहीत. पुढच्या वेळी आधी विचारा."

अनुपमने होकार दिला. ती स्कूटी चालू करून कळंबच्या रस्त्याला लागली.

घरी बाबा अंगणात वाल पाखडत बसले होते. गेले तीन दिवस त्यांनी लेकीला काही विचारलं नव्हतं. ती आपण होऊन सांगेल, याची वाट बघत ते शेतावर जात होते आणि येत होते. आता तिने स्कूटी लावली आणि चप्पल काढून त्यांच्या शेजारी बसली.

"काय झालं मग पात्याचं?" त्यांनी विचारलं.

"चोरीला गेलं होतं, बाबा."

मग तिने सगळं सांगितलं. चंद्रभागाकाकींचं नाव आलं तेव्हा बाबांचं सूप थांबलं. काळूरामांच्या बोटांचं त्यांना माहीत होतं, ते त्यांना दवाखान्यात बघायला गेले होते.

"म्हंजे काम चांगलंच झालंय तुजं," ते म्हणाले. "टाकाऊ वस्तू कोण लपवून ठेवतंय?"

आणि त्यांनी पुन्हा सूप उचललं. दर्शना हसली. ती समोरच्या ढिगातले खडे निवडू लागली, पण हात मधेच थांबला. कोपऱ्यावरचा टवका तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. पात्याचा कोपरा टोकदार होता. थराला तिथे धरायला बैठकच कमी पडत असणार. थर चढवण्याआधी तो कोपरा जरासा गोल करून घेतला तर?

तिने एक खडा उचलून अंगणाबाहेर टाकला आणि दुसरा शोधू लागली.